हात लावू नये

आमची प्रयोगशाळा मुळशी तालुक्यात, पिरंगुटच्या औद्योगिक पट्ट्यात. तीन खोल्या, चार माणसं आणि कोपऱ्यात एक जुनं एचपीएलसी यंत्र. औषध कारखान्यांना जाणाऱ्या रसायनांची शुद्धता ते तपासतं. यंत्र अजून ठणठणीत आहे; पण त्याचा संगणक विंडोज एक्सपीवर चालतो. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, तेव्हाच आम्ही त्याची लॅनची वायर काढली आणि मॉनिटरवर चिठ्ठी चिकटवली: ‘हात लावू नये’.

मी लावला. घरी वर्षानुवर्षं लिनक्स वापरत असल्यानं अंगात जरा मस्ती होती. पावसाळ्यात एका रात्री वीज चारदा गेली-आली आणि त्या संगणकाचा मदरबोर्ड बसला. म्हटलं, बरंच झालं! घरून दुसरा जुना संगणक आणला, त्यावर लिनक्सचं उबुंटू टाकलं, यंत्राला जोडणारं जीपीआयबी कार्ड खोचलं. शनिवारी दुपारी बसलो तो रविवारी रात्री उठलो.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या ‘वाइन’मधून यंत्राचं सॉफ्टवेअर उघडलंसुद्धा. आनंदानं सहकाऱ्याला फोन केला. पण पडद्यावर यंत्र ‘ऑफलाइन’ ते ऑफलाइनच. जीपीआयबी ही १९७५ साली प्रमाण ठरलेली जोडणी. तिचा ड्रायव्हर लिनक्सवरही मिळतो. पण आमच्या सॉफ्टवेअरला कंपनीनं दिलेला विंडोजचाच ड्रायव्हर हवा, आणि तो कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसतो. वाइनचा हात तिथवर पोचत नाही. ड्रायव्हर मी स्वतः लिहीनही, पण यंत्राला कोणत्या आज्ञा द्यायच्या ते कंपनीलाच ठाऊक.

सर्व्हिस इंजिनिअर आला, हसला. “सर, सोडा तो नाद. चाललं असतं तरी ऑडिटला काय दाखवणार होतात?”

खरंच होतं. आमच्या व्हॅलिडेशनच्या फाइलीत ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव सर्व्हिस पॅकसकट लिहिलेलं आहे. माल अमेरिकेच्या वाटेनं जाणार, तिथे इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठी १९९७पासून ‘२१ सीएफआर पार्ट ११’ हा नियम लागू. सिस्टिम बदलली की सगळं पुन्हा सिद्ध करा. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्याही हेच करतात: एका सिस्टिमवर एकदा सिद्ध करून मोकळ्या होतात. ही यंत्रं मोबाईलसारखी लाखांनी खपत नाहीत. तीन-तीन सिस्टिमचे ड्रायव्हर परवडणार कसे? शिवाय लिनक्सचा कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा बांधायचा, म्हणजे एकतर सोर्स उघडा करायचा, नाहीतर जन्मभर त्याच्या मागे धावायचं. विंडोजवर जुना प्रोग्रॅम बराच काळ तग धरतो. आणि गिऱ्हाइकाच्या टेबलावर आधीपासून विंडोज आणि एक्सेल होतंच. उपकरणं चालवणारं लॅबव्ह्यू १९८६ साली मॅकिंटॉशवर जन्मलं. १९९२ साली तेही विंडोजवर आलं. गिऱ्हाईक तिथे, दुकान तिथे.

लिनक्सला यंत्रं चालवता येत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला आणि आसपास जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांचे सिग्नल जुळवणारे संगणक लिनक्सवरच चालतात. पण ती दुर्बीण तिथल्याच शास्त्रज्ञ-इंजिनिअरांनी उभी केली, प्रोग्रॅमही त्यांचेच. आम्ही यंत्र विकत घेतलं. त्याच्यासोबत त्याची सिस्टिमही गुपचूप घरात आली. ऑर्डर देताना डिटेक्टर, पंप, कॉलम सगळ्याची घासाघीस केली होती. सिस्टिम कोणती, हा प्रश्न मात्र कुणीच विचारला नव्हता.

शेवटी पुण्याच्या तपकीर गल्लीत तीन फेऱ्या मारून त्याच मॉडेलचा वापरलेला मदरबोर्ड मिळवला. जुनी हार्डडिस्क लावली, बदलाची नोंद केली, चाचण्या पुन्हा घेतल्या. यंत्र पूर्ववत. चिठ्ठी मात्र मी नवी लिहिली, जरा मोठ्या अक्षरात.

हा बोर्ड किती दिवस टिकेल, भरवसा नाही. तुमच्या ऑफिसात जुन्या, पीसीआय स्लॉटच्या संगणकांची भंगारात रवानगी होणार असेल, तर जरा थांबा. पिरंगुटला आमच्यासारखी गरजू मंडळी आहेत.