कासारवाडीतली कॉन्टेसा

जुन्या मोटारीच्या नादी लागणारा माणूस एकतर श्रीमंत असतो किंवा वेडा, असे आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक असल्याने पहिली शक्यता आपोआप बाद होते.

कासारवाडीत, रेल्वे रुळांलगतच्या एका चाळीमागे ती उभी असल्याचे माजी विद्यार्थ्याने कळवले. नाशिक फाट्यावर उतरून आम्ही चालत गेलो. शेवग्याखाली, फाटक्या ताडपत्रीत हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा होती. चारही टायर बसलेले; आतली वायरिंग उंदरांनी कुरतडलेली.

आमच्या पिढीला कॉन्टेसाची ओळख करून द्यायला नको. व्हॉक्सहॉल या ब्रिटिश कंपनीच्या मोटारीवर बेतलेली ही गाडी १९८४ मध्ये बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून बाजारात आली. लांब नाक, रुंद छाती. अमेरिकेत ज्यांना 'मसल कार' म्हणतात त्या दांडग्या मोटारींचाच रुबाब. मात्र १९६४ च्या पॉन्टिॲक जीटीओत सव्वातीनशे अश्वशक्तीचे इंजिन होते, तर कॉन्टेसात आरंभी ॲम्बॅसेडरचेच, जेमतेम पन्नास अश्वशक्तीचे. पुढे इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आले, तेव्हा कुठे देहाला साजेसा प्राण मिळाला. २००२ मध्ये उत्पादन थांबले.

आम्ही खिशातले लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेला लावले. ते गळून पडले. म्हणजे तिथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. तळाचा पत्रा दोन जागी आरपार गेलेला. चासी क्रमांक गंज घासताच आरसी पुस्तकाशी जुळला. बॉनेट उघडले, तर इसुझूच्या जागी भलतेच डिझेल इंजिन.

"काका, मूळचं इंजिन?"

"विकलं, सर. कंपनी बंद पडली, पेट्रोल परवडेना. हे बसवून सात वर्षं लग्नाची भाडी मारली. दोन्ही मुली त्यावर शिकल्या. बदलाची नोंद पुस्तकात आहे, बघा."

सत्तरीचे काका एका कारखान्यात फिटर होते. नवे इंजिन धरणारे लोखंडी आधार त्यांनी स्वतः कापून, वेल्डिंग करून बसवले होते.

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे दरवर्षी सांगतो. प्रक्षेप ओळखून वेगळा काढणे हे संपादकाचे पहिले कर्तव्य, असेही बजावतो. या गाडीबाबतही मूळ रंग, मूळ आसने, मूळ इंजिन असे ठरवूनच निघालो होतो. सरकारी नियमही मूळ स्वरूपाचाच आग्रह धरतो: २०२१ च्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ रूपात राखलेले वाहनच 'व्हिंटेज'. पण पोथीतला प्रक्षेपकार बहुधा अनामिक असतो. इथे तो आमच्यासमोर बॅटरी धरून उभा होता.

काकांनी साठ हजार सांगितले. भंगारवाल्याने वजनावर पंचवीस देऊ केले होते. तेव्हा आमच्यापैकी एकजण म्हणाला, "पण काका, इंजिन मूळचं नाही ना."

वाक्य खरे होते. काका क्षणभर गप्प राहिले, मग म्हणाले, "पंचेचाळीस द्या." फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. त्यांनी फाटकी ताडपत्री नीट घडी करून आमच्या हाती दिली.

परतताना आम्ही फारसे बोललो नाही. त्या इंजिनाने दोन मुलींचे शिक्षण केले होते, आणि त्याच इंजिनाला उणेपणा ठरवून आम्ही पंधरा हजार वाचवले होते.

पुढे मूळ इंजिनाचा शोध घेतला. चिखलीजवळच्या कुदळवाडीत सापडेल, असे पूर्वी कोणीही सांगितले असते. परंतु तिथली भंगाराची असंख्य गोदामे फेब्रुवारी २०२५ मधील कारवाईत पाडली गेली. शेवटी भोसरीच्या मेकॅनिकने गाडी वर उचलली आणि त्या आधारांवरून बोट फिरवत विचारले, "हे काम कुणाचं? असा हात आता सापडत नाही."

तळाचा पत्रा बदलला, वायरिंग नवी टाकली. रंग मूळचा दिला. इंजिन मात्र काकांचेच ठेवले आहे. शुद्ध प्रतीचे आग्रही आम्हाला दोष देतील; वर्गात आम्हीही दिला असता.

पंधरा हजारांचा हिशेब अजून बाकी आहे. गाडी रस्त्यावर आली की पहिली फेरी कासारवाडीला न्यायची, आणि तो चुकता करायचा, असे ठरले आहे.