आधी दोर

आमच्या घरी कुऱ्हाड दाराआड उभी असायची आणि तिच्या वरच्या खुंटीला केकताडाचा दोर. दोर वळणं हे आमच्याकडं मातंग कारागिरांचं पिढीजात काम. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याजवळ बसून ते शिकले होते. केकताडाची पानं पाण्यात सडवायची, झोडपायची, धुवायची, पांढरा वाख उन्हात वाळवायचा आणि मग ओसरीत बसून पिळावर पीळ चढवायचा. दोर तयार झाला की अण्णा डोळे मिटून तो या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याखालून काढायचे. कुठं वाख कमी पडलाय, कुठं पीळ सैल राहिलाय, ते डोळ्यांपेक्षा अंगठ्याला लवकर कळतं, असं म्हणायचे.

अंबड तालुक्यातलं आमचं गाव. बांधाला लिंब आणि बाभळी, विहिरीवर चिंच. शेळ्यांना पाला पाडायला बांबूची लांब आकडी, सरपणाला कुऱ्हाड. फांदी उंचावर असली की अण्णा दोर कमरेभोवती आणि खोडाभोवती घेऊन चढायचे, कुऱ्हाड पाठीला खोचलेली. मी खाली उभा राहून घाव मोजायचो. मनगटाएवढ्या फांदीला सात-आठ. मधेच ते थांबायचे, वर बघायचे आणि कधी कधी तिथंच सोडून द्यायचे. 'राहू दे, सावली जाईल.' कुऱ्हाडीला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात माणसाचं मन बदलू शकतं, हे मला फार पुढं उमगलं.

मी सातवीत असताना वादळात घरामागच्या लिंबाची एक फांदी अर्धी मोडून गोठ्याच्या पत्र्यावर लोंबकळत राहिली. अण्णा चढले. दोर जुना झालेला. खोडाला जिथं तो नेहमी घासायचा तिथला वाख झिजून निम्मा झाला होता आणि नेमका त्या दिवशी तो अंगठ्याखालून काढायचा राहून गेला होता. दोन पुरुष उंचीवरून अण्णा खाली आले. मांडीचं हाड मोडलं. आजही ते डावा पाय ओढत चालतात. महिनाभरानं भावकीतली चार माणसं कुऱ्हाडी घेऊन आली आणि त्यांनी तो लिंब बुंध्यातून तोडला. मोडकी फांदी एकच होती. पण तिच्यापर्यंत जायला कोणी तयार नव्हतं, आणि बुंध्यापर्यंत सगळ्यांचाच हात पोचत होता.

तो लिंब माझ्या मनातून गेला नाही. पुढं जी झाडं तुटताना पाहिली त्यातली पुष्कळशी अशीच गेली. तारेला लागणारी एक फांदी, पत्र्यावर झुकलेली एक फांदी, वाळलेला शेंडा. दोष वर असतो आणि घाव खाली पडतो. लोक झाडाच्या मुळावर उठलेत असं आपण पटकन बोलून जातो. मला तसं वाटत नाही. त्यांना वर जाता येत नाही, एवढंच खरं आहे.

पाय अधू झाल्यावर अण्णांनी 1998 साली तीनशे मोसंबी लावली. न्यूसेलर जातीची, रंगपूर लिंबाच्या खुंटावर, सहा बाय सहा मीटरवर. बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रात जाऊन ते सगळं विचारून यायचे. फळं उतरली की सल, म्हणजे वाळक्या काड्या, काढायची, पाणसोट, म्हणजे सरळसोट वाढलेला फोक, दिसला की मुळातून काढायचा, कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगळं भिजवून मग एकत्र. कात्री माझ्या हाती असायची. कुठं कापायचं हे मी बागेत शिकलो. किती कमी कापायचं, हेही तिथंच.

2012 च्या पावसाळ्यानं जालना जिल्ह्याकडं पाठ फिरवली. 2013 च्या उन्हाळ्यात आम्ही टँकर विकत घेऊन झाडाला घागर-घागर पाणी घातलं. पानं चुरगळली, फांद्या शेंड्याकडून खाली वाळत आल्या, खोडांच्या साली तडकल्या. मे महिन्यात एका सकाळी अण्णा म्हणाले, 'तोडा आता.' जिल्हाभर बागांमधून तेच चाललं होतं. भाड्यानं कटर मशीन, म्हणजे चेनसॉ, आणलं. पंधरा वर्षांच्या झाडाला वीस सेकंदही लागत नव्हते. दीड दिवसात बाग संपली. मशीन बंद झालं तेव्हा कानात नुसती शिट्टी वाजत होती. अण्णा बांधावर बसले होते. त्यांनी एक ओंडका उचलला, कापलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला, म्हणाले, 'किती साफ कापलंय.' आणि ओंडका होता तिथं ठेवून दिला. 2016 साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या शेतात तेव्हा सरकी होती.

खरं तर त्या मशीनचं तोंड बघू नये असं वाटायला हवं होतं. झालं उलटं. जे दीड दिवसात एवढं करू शकतं ते आहे तरी काय, हे मला बघायचं होतं.

कटरची साखळी हातात घेऊन बघितली तर तिचे दात करवतीसारखे नसतात. एक डावीकडं वळलेला, पुढचा उजवीकडं, आणि प्रत्येक दातापुढं एक बुटका थांबा. दातानं किती खोल घास घ्यायचा ते तो थांबा ठरवतो. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा एक लाकूडतोड्या होता. 1946 साली त्यानं एका बुंध्यात लाकूड पोखरणारी अळी पाहिली. ती डावा-उजवा जबडा चालवत, लाकडाच्या रेषेची पर्वा न करता सरळ पुढं सरकत होती. त्या जबड्यावरून त्यानं या साखळीचा दात घडवला. आमच्याकडं आंब्याच्या खोडात भिरूड लागतो, छिद्रातून भुसा बाहेर पडत राहतो. बागाईतदार ज्याला शिव्या घालतो त्याच्याच जातीचा तो गुरू.

दुसरा माणूस मला याहून मोठा वाटतो. ॲलेक्स शायगो, अमेरिकेच्या वनखात्यातला शास्त्रज्ञ. 1959 साली तो नोकरीला लागला तेव्हा एकट्या माणसाला पेलेल अशी चेनसॉ नुकतीच हाताशी आली होती. त्यानं हजारो झाडं उभी चिरून पाहिली. झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही, हे त्याला त्या चिरलेल्या लाकडात दिसलं. झाड दुखावलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं, त्याला तिथंच कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवत पुढं जातं. फांदी जिथं खोडाला मिळते तिथं सालीला एक फुगीर कडं असतं. ही भिंत घालायची ताकद त्या कड्याशी असते. कड्याच्या बाहेर कापलं तर झाड सांभाळून घेतं. कडंच तासून खोडाशी सपाट केलं तर कूज सरळ गाभ्यात उतरते. जखमेवर रंग-डांबर फासून काही साधत नाही, असंही त्यानं दाखवलं. मी चिंचेला, लिंबाला काही लावत नाही. मोसंबीला मात्र आजही बोर्डो लावतो, कारण तिथं डिंक्याची बुरशी टपून बसलेली असते.

म्हणजे तेच यंत्र. आमच्या बागेत त्यानं झाडं संपवली आणि या माणसाच्या हातात झाड कसं जगतं ते उघडून दाखवलं. झाडावर चढून नेमकी फांदी कापायचं काम धरायचं मी ठरवलं ते यानंतर.

2015 च्या दिवाळीत साठवलेले पैसे घेऊन जालन्याला एका दुकानात गेलो. दुकानदारानं थेट 58 सीसीचं, 22 इंची पट्टीचं मशीन पुढं ठेवलं. सहा-सात किलो वजन. आडवे पडलेले ओंडके तोडायला उत्तम. पण मला ते घेऊन लिंबाच्या बेचक्यात उभं राहायचं होतं. मी मशीन उचललं, खांद्याच्या उंचीवर धरलं आणि मनात आकडे मोजले. तिसाला हात थरथरले. रिकाम्या हातानं परत आलो. एसटीत बसल्यावर अण्णांचा झिजलेला दोर आठवला आणि खरेदीचा क्रम तिथंच उलटला: आधी वर जायचं आणि धड खाली यायचं साहित्य, मग कापायचं.

तरी पहिली खरेदी फसलीच. बांधकामावर वापरतात तो सेफ्टी बेल्ट मी एका हार्डवेअरच्या दुकानातून आणला. त्याची कडी पाठीवर असते. विहिरीवरच्या चिंचेच्या खालच्या फांदीला दोर बांधून स्वतःला सोडून बघितलं तर तोंड जमिनीकडं, मांड्यांना पट्टे काचलेले, हात कुठंच पोचेनात. तो पट्टा पडणाऱ्याला झेलण्यासाठी केलेला. मला हवं होतं ते दोरावर बसून दोन्ही हात मोकळे ठेवणारं आसन. पुण्याचा एक मित्र गिर्यारोहण करायचा, त्याच्याकडं गेलो. त्याचा दोर सुंदर होता, पण ताणणारा. कड्यावरून पडणाऱ्याचा झटका पोटात घ्यायला तो तसा लागतो. झाडावर मात्र अशा दोरावर माणूस झोके खात राहतो. मला न ताणणारा हवा. शेवटी जे घेतलं ते असं: 12 मिलिमीटरचा, 45 मीटर दोर; कमरेला आणि मांड्यांना जाड गादी असलेला, पुढं कडी असलेला हार्नेस; आपोआप कुलूप लागणारे कॅराबिनर; हेल्मेट; बारीक दोरी आणि तिला बांधायची शिशाची पिशवी, उंच बेचक्यावरून फेकायला; आणि आत पोलादी तार असलेला आखूड पट्टा, चुकून साखळी लागली तरी एका झटक्यात तुटणार नाही असा. कापताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला पाहिजे, दोरानं आणि या पट्ट्यानं. यात तडजोड नाही.

दोरावर वर-खाली सरकायला एक गाठ लागते. ऑस्ट्रियाचा गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यानं 1931 साली ती लोकांसमोर आणली आणि ती त्याच्याच नावानं ओळखली जाते. बारीक दोरीचे मोठ्या दोराभोवती तीन वेढे. हातानं ढकलली की सरकते, भार पडला की घट्ट धरते. अण्णांना ओसरीत खांबाला दोर बांधून दाखवली. त्यांनी ती पाच-सहा वेळा सरकवली, सगळा भार टाकून ओढली. 'ही गाठ तव्हा ठाऊक असती तर,' एवढंच म्हणाले आणि पाय चोळत बसले.

मशीन त्यानंतर सहा महिन्यांनी आलं. 14 इंची पट्टी, चार किलोच्या आतबाहेर. वरून मूठ असलेलं, खास झाडावरचं म्हणून मिळणारं मशीन मी दोन वर्षं घेतलं नाही. ते इतकं आटोपशीर असतं की एका हातानं चालवायचा मोह होतो, आणि पट्टीच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की मशीन उसळून तोंडावर येतं. सेकंदाला वीस मीटरच्या आसपास धावणारी साखळी असते ती. तो मोह आवरण्याइतका सराव झाल्यावरच घेतलं. आणि खरं सांगतो, माझं निम्म्याहून जास्त काम वाकड्या पात्याच्या हातकरवतीनंच होतं.

मशीन विकत घेताना कोणी कानस घेत नाही, याचं मला नवल वाटतं. गोल कानशीनं पेट्रोलच्या दर टाकीला दात लावून घ्यावे लागतात, प्रत्येक दाताला सारखेच हात. साखळी बोथट झालीय का ते भुशावरून कळतं. धारेची असली तर खोबऱ्याच्या किसासारखा भुसा पडतो, बोथट झाली की पिठासारखा. पीठ दिसलं की थांबायचं. बोथट साखळीला माणूस रेटतो, आणि झाडावर रेटणारा माणूस तोल घालवतो.

गेल्या मार्चमध्ये परतूर तालुक्यातल्या एका शाळेतून बोलावणं आलं. आवारात जुनी चिंच, तिघांच्या कवेत न मावणारी. तिची एक मांडीएवढी फांदी वर्गाच्या पत्र्यावर गेलेली आणि कोपराशी पोकळ. झाड काढायचं समितीचं ठरलं होतं. पोरांच्या जिवाची काळजी होती त्यांना, त्यात काही खोटं नव्हतं. चिंच 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे मी सांगितलं आणि एक दिवस मागितला.

शिशाची पिशवी तिसऱ्या फेकीला बेचक्यातून गेली. दोर ओढून घेतला, मी आणि माझ्या जोडीदारानं त्याला लोंबून बघितलं, मग मी चढलो. चिंचेची साल हाताला खरखरीत, तिच्या भेगांतून मुंगळ्यांची रांग. फांदीशी पोचल्यावर पट्टा खोडाभोवती घेतला. फांदीला वेगळा दोर बांधला, त्याचं दुसरं टोक खाली जोडीदारानं बुंध्याला वेढे देऊन धरलं. पहिला काप खालून, पाव जाडीइतका, म्हणजे साल सोलत खोडावर येणार नाही. दुसरा वरून, दोन बोटं पुढं. फांदी कडाडली, दोरावर झुलली आणि जोडीदारानं ती हळूहळू, पत्र्याला न लागता, खाली उतरवली. उरलेलं थुटूक कड्याच्या बाहेर हातकरवतीनं कापलं. ताज्या लाकडाचा आंबूस वास आला. पोकळी कड्याच्या आत शिरलेली नव्हती.

खाली आलो तेव्हा गुरुजींनी वर बघत विचारलं, 'एवढंच?'

'एवढंच.'

घरी पोचायला रात्र झाली. अण्णा ओसरीत वाट बघत होते. आता तो दंडक झालाय: मी आलो की आधी दोराची पिशवी त्यांच्यापुढं ठेवायची, मग हातपाय धुवायचे. 45 मीटर दोर ते डोळे मिटून अंगठ्याखालून काढतात. त्या रात्री टोकापासून दोन हातांवर त्यांचा अंगठा थांबला, मागं गेला, पुन्हा थांबला. दिव्याखाली धरून बघितलं तर वरच्या विणीचे चार-सहा धागे फुलले होते. बहुधा चिंचेच्या बेचक्यात घासला असेल. मला ते दिसलंही नव्हतं.

'इथं,' अण्णा म्हणाले.

मी सुरी आणून तेवढा तुकडा कापला आणि टोक मेणबत्तीवर वितळवून बंद केलं. सकाळी बघितलं तर अण्णांनी तो दोन हातांचा तुकडा कालवडीच्या दाव्याला जोडला होता.