तिसरीचं वर्ष

माझा थोरला मुलगा 2020-21 साली तिसरीत होता. त्या वर्षी तो एक दिवसही वर्गात बसला नाही, आणि तरीही त्याचं तिसरीचं वर्ष पूर्ण झालं. ज्या बाईंमुळे हे झालं त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलं. पण हे ऋण कुठंतरी लिहून ठेवावं असं फार दिवस मनात होतं.

आमची वस्ती संगमनेर तालुक्याच्या पठार भागात. संगमनेरहून पुण्याच्या रस्त्याला लागून चंदनापुरी घाट चढला की प्रवरेकाठचा ऊस मागे पडतो. पुढं बाजरी, कांदा, मधूनच एखादी डाळिंबाची बाग. पावसाचा भरवसा नाही, म्हणून घरोघरी गाई. वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, दोनशिक्षकी. बाई संगमनेरात राहायच्या आणि रोज स्कूटीवर घाट चढून यायच्या.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या. 15 जूनला नवं वर्ष सुरू झालं ते कागदावर. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' असं म्हणत शिक्षण विभाग रोज मोबाईलवर अभ्यास पाठवत होता. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' सुरू झाली. मालिका चांगली होती. पण तिच्या वेळेला आमच्याकडं वीज असेलच असं नाही. फोन घरात एकच, तो दूध घालायला जाणाऱ्या माझ्या मालकांच्या खिशात, आणि रेंज हवी तर टेकाडावर जायचं. लॉकडाऊनमध्ये दुधाचा दर लिटरला विशीच्या आसपास आला होता. जुलैत दूधवाल्यांचं आंदोलन झालं, लिटरमागं दहा रुपये अनुदान मागितलं गेलं. अशा दिवसांत दुसऱ्या फोनचा विषय घरात कोण काढणार?

बाई तेव्हा पहिल्यांदा आमच्या ओट्यावर आल्या. तोंडाला मास्क, पिशवीत बालभारतीची पुस्तकं आणि स्वतःच्या पैशानं काढलेल्या झेरॉक्स. मुलांना एकत्र बसवायची परवानगी नव्हती. म्हणून एका घरी थोडा वेळ, मग पुढचं घर. जाताना आठवडाभराचा अभ्यास देऊन जायच्या आणि पुढच्या खेपेला तपासायच्या. शाळेतल्या सगळ्या मुलांची घरं अशी वाटून घेतली होती त्यांनी आणि गुरुजींनी.

एकदा ओट्यावर दूध डेअरीची पावती पडली होती. बाईंनी ती उचलली आणि मुलाला विचारलं, "ही वाचता येते का रे?" त्याला आकडे वाचता आले, अर्थ लागला नाही. फॅट 3.5, एसएनएफ 8.5, लिटर, दर, रक्कम. दशांश चिन्ह तिसरीच्या गणितात नाही, म्हणून बाईंनी आधी लिटर आणि दर घेतले. सकाळचं दूध किती, संध्याकाळचं किती, दोन्ही मिळून किती, दहा दिवसांचं बिल साधारण किती येईल. मग म्हणाल्या, "फॅट कमी लागलं तर दर का पडतो, ते बाबांना विचारून लिहून ठेव." त्या दिवसापासून पोरगं बापाच्या मागं डेअरीवर जायला लागलं. पावत्या खिळ्याला टोचून ठेवायला लागलं. आमच्या घरात दुधाचा हिशेब इतका चोख त्याआधी कधी राहिला नव्हता.

तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तेव्हा प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असायचं. त्याच्या पुस्तकात आमचाच नगर जिल्हा होता. रतनगडावर उगम पावलेली प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणातून संगमनेरला येते आणि पुढं प्रवरासंगमला गोदावरीला मिळते, हे त्यानं घाटाखाली उतरायची बंदी होती त्या दिवसांत पाठ केलं. बाईंनी त्याला आधी घर, विहीर, डेअरी, शाळा असा वस्तीचा नकाशा काढायला लावला आणि मगच जिल्ह्याचा नकाशा पुढं ठेवला. शहरातल्या कुठल्याही मोठ्या शाळेनं त्या वर्षी यापेक्षा बरं शिकवलं असेल असं मला वाटत नाही.

शिकवणं हे त्यांच्या कामातलं एकच काम होतं, हेही लिहिलं पाहिजे. शालेय पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळी मोजून पालकांना द्यायच्या. वरून मागितलेली माहिती भरून पाठवायची. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली तेव्हा तापमापी आणि ऑक्सिमीटर घेऊन त्या आशाताईंबरोबर घरोघर फिरल्या. माझ्या सासूबाईंना चार दिवसांपासून अंगदुखी होती. "वयाचं दुखणं आहे, मास्तरीणबाई," म्हणत त्या बोट पुढं करेनात. बाईंनी गोडीनं त्यांचा हात हातात घेतला. ऑक्सिमीटरवर 88 आकडा आला. बाईंनी तिथूनच प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन लावला आणि गाडी येईपर्यंत आमच्या दारातून हलल्या नाहीत. सासूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. पुढं कितीतरी दिवस बाईंची स्कूटी दिसली की त्या स्वतः उठून चहा टाकायच्या.

नोव्हेंबरात नववी ते बारावीचे वर्ग उघडले, 27 जानेवारीला पाचवी ते आठवीचे. पहिली ते चौथीला मात्र वर्ष संपेपर्यंत कुलूप. मग दुसरी लाट आली आणि 3 एप्रिल 2021 ला जाहीर झालं की पहिली ते आठवीची सगळी मुलं परीक्षेविना पुढच्या वर्गात. पुढं दहावीचीही परीक्षा रद्द झाली आणि जुलैत निकाल लागला 99.95 टक्के. त्या मुलांना लोक 'कोरोना बॅच' म्हणून हिणवायला लागले. मला ते तेव्हाही लागलं आणि आजही लागतं. दोष मुलांचा नव्हता, आणि घरात माणसं दगावत असताना वही घेऊन बसलेली पोरंही त्यांच्यातच होती.

एरवी 1 मे रोजी निकाल मिळतो. त्या वर्षी एप्रिलात बाई स्वतःच कोरोनानं आजारी पडल्या. निर्बंध सैल झाल्यावर जूनमध्ये त्या प्रगतिपुस्तक घेऊन आल्या, चेहरा उतरलेला, दम लागत होता. मी म्हटलं, "बाई, सगळी पोरं पासच आहेत, एवढ्यासाठी कशाला आलात?" त्या म्हणाल्या, "ताई, पास तर सगळेच. पण काय आलं आणि काय राहिलं, हे घरच्यांना कळायला नको?"

वर्णनात्मक नोंदींच्या रकान्यात नेहमीचं 'नियमित अभ्यास करतो' नव्हतं. दुधाची पावती वाचून हिशेब करतो, असं लिहिलं होतं. वस्तीचा नकाशा काढतो. जोडाक्षरांचे शब्द मोठ्यानं वाचताना अडखळतो. हातच्याची वजाबाकी चुकते, शून्य आलं की हमखास चुकते. वस्तीवरच्या प्रत्येक मुलाच्या पुस्तकात अशा वेगळ्या नोंदी होत्या. अंथरुणावर असताना त्यांनी त्या लिहिल्या होत्या.

वर्ष वाया गेलं, असं सगळीकडं बोललं जात होतं. माझ्या हातात मात्र त्या वर्षाचा खरा जमाखर्च होता, आणि बाकी काय राहिली तेही त्यात होतं. त्या पावसाळ्यात मी रोज रात्री मुलाला शून्याची वजाबाकी घातली. 1 जुलैपासून 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचं कुठं अडतं हे बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्याचं त्यालाही माहीत होतं.

4 ऑक्टोबर 2021 पासून राज्यात पुन्हा शाळा उघडायला लागल्या, नेमकी त्याच दिवसापासून नगर जिल्ह्यातली 61 गावं कोरोनामुळे दहा दिवसांसाठी बंद झाली, आणि त्यांत सर्वांत जास्त गावं आमच्या तालुक्यातली. अखेर 1 डिसेंबरला पहिली ते चौथीचे वर्ग भरले. मुलगा चौथीत गेला होता. पहिल्याच दिवशी फळ्यावर हातच्याची वजाबाकी सोडवून आला.

पुढं बाईंची बदली झाली. निरोपाच्या दिवशी मी साडी घेऊन गेले तर त्यांनी ती घेतली नाही. "द्यायचंच असेल तर शाळेचा पट टिकवा," म्हणाल्या. तेव्हा ते बोलणं मला पुरतं कळलं नव्हतं. सप्टेंबर 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव सरकारनं मागवले, तेव्हा कळलं. आमच्या शाळेचा पट त्या आकड्याच्या आसपासच आहे. वस्तीवरची चार-दोन मुलं सकाळी पिवळ्या बसनं घाटाखाली इंग्रजी शाळेत जायला लागली आहेत.

माझ्या धाकटीचं नाव मी आमच्या वस्तीच्या शाळेत घातलं आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या प्रत्येक बैठकीला मी जाते. त्या दोन वर्षांत तुमच्या मुलाची वही तपासायला जे शिक्षक तुमच्या दारापर्यंत आले, त्यांच्या शाळेचा आजचा पट किती आहे, ते एकदा जाऊन विचारा.