गंगा आलीय म्हणे

१० मे, रत्नागिरी

संध्याकाळी मधल्या आळीतून रमतगमत आलो. पु.लं.चा अंतू बर्वा इथला. आळीत आता दुचाक्यांची इतकी दाटी, की अंतूशेटना ओटीवर बसल्या बसल्या दिवसभर पुरेल एवढं तोंडसुख मिळालं असतं.

जेवताना दादा म्हणाला, "राजापूरला गंगा आलीय म्हणे. तुझं मालगुंड आणि गंगा उद्या एका दिवसात उरकू."

वहिनी म्हणाल्या, "एवढी दगदग कशाला? मालगुंड उद्या करा, गंगा परवा."

"केशवसुत कुठे जात नाहीत गं. गंगेचा नेम नाही."

११ मे

आरे-वारेच्या रस्त्याने मालगुंडला पोचलो. केशवसुत इथे १८६६ साली जन्मले, वडील शाळामास्तर. कोकण मराठी साहित्य परिषदेने जन्मघर जपलंय, शेजारी स्मारक उभारलंय. १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बाहेर दगडांवर कविता कोरल्या आहेत. सकाळचं ऊन तिरपं होतं, त्यामुळे अक्षरांच्या खाचांत सावली भरली होती आणि चष्म्याशिवाय वाचता येत होतं. 'तुतारी' लिहिणारा हा माणूस पोटासाठी मास्तरकी करत भडगाव, फैजपूर, धारवाड असा फिरला आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेला. वय अवघं एकोणचाळीस. धाकटे भाऊ मोरो केशव दामले मराठीचे मोठे व्याकरणकार. एका भावाने कवितेची जुनी चाकोरी मोडली, दुसऱ्याने भाषेचे नियम बांधले. त्या घरातली जेवणाची पंगत ऐकायला हवी होती.

दुपारी राजापूर. आधी उन्हाळे गावच्या गरम झऱ्यावर आंघोळ, मग गंगा. दादा रीत सोडत नाही. वर जांभ्याच्या सड्यावर रणरणतं ऊन, आणि त्यात चौदा कुंडं भरलेली! वडाखालच्या मूळ गंगेत तळातून बुडबुडे वर येत होते. चार-पाच एकदम, मग थोडी उसंत, मग पुन्हा. एका कुंडाचं पाणी कोमट, लगतच्याचं चांगलं गार. विहिरी तळ गाठतात त्या दिवसांतही हे पाणी येतं, काही आठवडे-महिने राहतं आणि एक दिवस निघून जातं. पूर्वी साधारण तीन वर्षांनी यायची म्हणतात. आता तेही वेळापत्रक राहिलेलं नाही.

जाणकार वक्रनलिकेचा दाखला देतात. जांभ्यातून झिरपलेलं पाणी पोटातल्या पोकळीत साठतं, वाकड्या वाटेच्या माथ्यापर्यंत चढलं की वाहू लागतं, आणि हवा शिरेपर्यंत पोकळी रिकामी करतं. पटण्यासारखं आहे. पण पाऊस दरवर्षी पडतो, मग गंगा दरवर्षी का नाही, हे मी दादाला विचारलं.

"तिची मर्जी," म्हणाला आणि गोमुखाखाली जाऊन उभा राहिला.

१२ मे

दादाच्या कपाटात मोरोपंत सापडले. पंत बारामतीहून घाट उतरून या गंगेच्या स्नानाला आले होते आणि तिच्यावर 'गंगाप्रतिनिधितीर्थकीर्तन' रचलं. काल कुंडांभोवती नवसाच्या, देणगीच्या पाट्या वाचल्या. पंतांचं नाव मला कुठे दिसलं नाही. मालगुंडला दगडावर कविता कोरता येते, तर इथे पंतांच्या चार ओळी का नकोत? जांभा तर पायाखालीच आहे.

दादाने लगेच कागद काढला. अर्ज त्याने लिहायचा, ऱ्हस्वदीर्घ मी तपासायचं.