पत्त्याचा रकाना

12 मार्च 2024
पहाटेच्या एसटीने सिंदेवाही तालुक्यातल्या गावाहून ती आली. रात्री नवऱ्याने मारून बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. चार वर्षांच्या मुलीला शाळेच्या व्हरांड्यात निजवून ही समोरच्या हातपंपाचा दांडा मारत राहिली. "आवाज असला का वाघ येत नाही, ताई." जंगल गावाला लागूनच आहे. मोहफुलं वेचायलाही बायका इथे घोळक्यानेच निघतात. तिचे तळहात सोलून निघाले होते. पाठ तिने नंतर दाखवली.

13 मार्च
चंद्रपूरला सरकारच्या सखी केंद्रात सोय झाली. निवारा पाच दिवसांचा. कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाचा निकाल पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असं 2005 चा कायदा सांगतो. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी मधले निदान पंचावन्न दिवस उरतातच. ते तिने कुठे काढायचे?

18 मार्च
ती भावाकडे गेली. भाऊ वाईट नाही. दोन खोल्या, सात माणसं. भावजय वाढताना काही बोलत नाही, पण ही आपणच अर्धपोटी उठते. फुटपाथवर झोपत नाही म्हणून अशा बाईला कुणी बेघर म्हणत नाही. मी म्हणते.

21 मार्च
ग्रामपंचायतीत नमुना आठ पाहिला. घर सासऱ्याच्या नावावर. "मग तिचा काय हक्क?" तिथल्या एकाने विचारलं. हक्क आहे. घर सासऱ्याचं असलं तरी नांदत्या घरात राहण्याचा तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलंय. न्यायालय नवऱ्यालाही बाहेर पडायला सांगू शकतं. गावात मात्र बाईनेच निघायचं, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं.

धानाच्या तुकड्याचा वनपट्टा दोघांच्या नावावर निघाला. वनहक्क कायद्यात तशी तरतूदच आहे. तिने तो कागद कधी पाहिलाच नव्हता. झेरॉक्स दिली, तर आपल्या नावावर बोट ठेवून बराच वेळ बसली.

26 मार्च
परवा होळी झाली. दारूबद्दल पुन्हा तीच चर्चा. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी, चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. बंदीसाठी इथल्या बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या होत्या; त्यांचं दुःख खरं होतं. पण हिचा नवरा न पिताही मारतो. दारू बंद करता येते. घरावर तिचं नाव चढवणं त्याहून अवघड झालंय.

30 मार्च
अर्ज लिहायला बसलो. पत्त्याच्या रकान्यापाशी अडलो. भाऊ हळूच म्हणाला, "माझा नका टाकू, तो इथं येईल." मी सासरचाच पत्ता लिहिला. तिने वाचायला लावला, दोनदा.

8 एप्रिल
ती मिरची तोडायला तेलंगणात गेली, टोळीबरोबर. शेताच्या बांधावर प्लास्टिकचा तंबू. कोर्टाची तारीख 22 ची. मुकादम सोडेल की नाही, ठाऊक नाही. संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून बोलली. तिचा आश्रमशाळेतला मोठा मुलगा विचारतो म्हणे, मे महिन्यात वसतिगृह बंद होतं, मी कुठल्या गावाची एसटी धरू?