वय : एक सकाळ

अमेरिकेतली बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या, नव्या कोऱ्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं मुरत पडते. निम्म्याहून जास्त मका तिच्यात, रंग आणि वास बराचसा लाकडाचा. दहा-बारा वर्षांत पिंपातला बराच ऐवज उडून जातो आणि उरलेल्याला भाव चढतो. जाणकार ती हुंगून, जिभेवर घोळवून पितात. ही रसिकता खरी आहे. पण आमचा वर्धा दारूबंदीचा जिल्हा, आणि या मातीतलं जे पेय तितक्याच जाणतेपणाने प्यावं, त्याचा स्वभाव नेमका उलटा. नीरेला वय सोसत नाही.

तिचा जन्म रात्रीचा, शिंदीच्या झाडावर. थंडी पडली की झाड छेदणारा कमरेला दोर लावून वर चढतो, शेंड्याखालच्या एका बाजूच्या झावळ्या काढतो, साल तासून आतला पांढरा कोवळा भाग उघडा करतो, खाच पाडतो आणि मडकं टांगतो. पुढच्या हंगामात छेद विरुद्ध बाजूला. म्हणून जुनी शिंदी नागमोडी दिसते आणि तिच्या खाचा मोजल्या की तिने किती हंगाम रस दिला ते कळतं. म्हातारी होते ती शिंदी. नीरा रोज नवी.

मडक्याला आतून चुना फासलेला असतो. तेवढाच तिचा राखणदार. उन्हं चढली की रसातली साखर आंबू लागते, तोंडाशी फेस येतो, वास बदलतो आणि दुपारपर्यंत तिची ताडी होते.

पहाटे उतरवलेली, फडक्यातून गाळलेली नीरा धुरकट पांढरी दिसते. पेला नाकाशी धरला तर ओल्या लाकडाचा मंद वास येतो. पहिला घोट गोड, पण उसाच्या रसासारखा अंगावर येणारा नाही. दुसऱ्या घोटात त्या गोडीमागे काहीतरी खरपूस लागतं. गिळल्यावर जिभेवर चुन्याचा किंचित कोरडेपणा राहतो. बर्फ टाकला की हे सगळं झाकलं जातं, नुसतं गार गोड पाणी उरतं. झाडावरच्या रात्रीचा गारवा तिला पुरतो.

वर्ध्यात तिची कदर झाली ती मोठ्या माणसांकडून. 1934 साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला, जमनालाल बजाजांच्या बागेत त्याचं केंद्र मगनवाडी उभं राहिलं, कुमारप्पांनी तिथे ठाण मांडलं. गजानन नाईकांनी ताडगुळाचं, म्हणजे ताड-शिंदीच्या रसापासून गूळ करण्याचं काम अंगावर घेतलं. गांधीजींचं गणित सरळ होतं : ताड-शिंदीची झाडं बांधावर, नाल्याकाठी आपसूक वाढतात, त्यांना ना पाणी लागतं ना उसासारखी काळी जमीन. त्याच झाडाचा रस गुत्त्यात जायचा की कढईत, एवढंच ठरवायचं. नीरेला टिकायचंच असेल तर त्याच सकाळी चुलीवर चढावं लागतं. साधारण दहा लिटर आटवली की किलोभर गूळ हाती येतो, गडद आणि धुरकट चवीचा. सेवाग्रामच्या बापूकुटीत गांधीजींच्या शिष्या मीराबेनने मातीच्या भिंतीवर ही झाडं उठावात काढली आहेत, ती जरूर पाहावीत.

मला वाटतं, दारूबंदीची ही अर्धी बाजू आपण विसरलो. बंदीने गुत्ता बंद होतो, पण झाडावर चढणाऱ्या माणसाच्या हाताला काम मिळत नाही. ते काम नीरा देऊ शकते, मात्र त्यासाठी पहाटे उठणारं गिऱ्हाईक हवं.

म्हणून थंडीच्या दिवसांत कुठेही नीरेची पाटी दिसली तर आधी विचारा, केव्हा उतरवली? आजच पहाटेची असेल तर बर्फाशिवाय मागा, आणि बाटलीत भरून घरी न नेता तिथेच उभ्याने, सावकाश प्या.