वरच्या दरबारातला वशिला

'वशिला' हा आपल्या मराठी मंडळींचा अगदी घरोब्याचा शब्द. शाळेच्या प्रवेशापासून गॅसच्या नंबरापर्यंत कुणीतरी 'शब्द टाकल्याशिवाय' काम होत नाही, हे बाळकडू घेऊनच आपण इकडे आलो. ख्रिस्ती धर्मातही या शब्द टाकण्याला मोठे स्थान आहे, हे मला अमेरिकेत बरीच वर्षे काढल्यावर कळले. मराठी बायबलात त्याला 'मध्यस्थी' म्हणतात. येशू देवापुढे आपल्या वतीने रदबदली करतो आणि तारण मिळते ते आपल्या पुण्याईने नव्हे, तर कृपेने, अशी ही श्रद्धा. कॅथलिक लोक मारियेला आणि संतांनाही आपल्यासाठी प्रार्थना करायला सांगतात. प्रॉटेस्टंटांना ते मान्य नाही. त्यांचा मध्यस्थ एकच.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. एम.एस. करायला आलो आणि राहिलो. देवधर्म म्हणाल तर मंडळाच्या गणपतीत आरती म्हणण्यापुरता. मे २०२१ मध्ये बाबा नाशिकला कोविडने आजारी होते आणि मी इथे पिट्सबर्गमध्ये. पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला, कोविडमुळे व्हिसाची कामे बंद. गेलो तर परत कधी येणार याचा भरवसा नाही. बाबाच फोनवर म्हणाले, "येऊ नकोस." धाकटा भाऊ गावातच होता, पण वॉर्डाच्या दारापलीकडे त्यालाही सोडत नव्हते.

आमच्या शेजारी पोलिश वंशाच्या एक आजी राहतात. ऐंशीच्या पुढच्या, पक्क्या कॅथलिक. त्यांनी कुंपणापाशी मला थांबवून बाबांचे नाव विचारले आणि उच्चार जमेपर्यंत तीनदा म्हणून घेतले. "रोज रात्री रोझरीच्या वेळी हे नाव घेणार आहे, चुकीचे जायला नको!" रोझरी म्हणजे त्यांची जपमाळ. तिच्या एका फेरीत मारियेची प्रार्थना ५३ वेळा येते आणि दर वेळी मागणे एकच: आमच्यासाठी प्रार्थना कर, आत्ता आणि मरणाच्या घटकेला. त्या शेवटच्या शब्दांशी मी अडलो. बाबांच्या उशाशी आमच्यापैकी कुणीच जाऊ शकत नव्हते, आणि ही परकी बाई कुणाला तरी तिथे जायला सांगत होती.

बाबा गेले. आजी भेटायला आल्या तेव्हा मी जरा तिरकसपणेच विचारले, "बाबा तर हिंदू. तुमच्या तारणात ते बसतात का?" त्या शांतपणे म्हणाल्या, "ते ठरवणे माझे काम नाही. माझे काम मागायचे." पुढे वाचनात आले की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ सालीच म्हटले आहे, की ज्यांना ख्रिस्ताची ओळख नाही पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, त्यांनाही तारण मिळू शकते. सगळे ख्रिस्ती हे मानत नाहीत, हेही खरे. त्या वर्षी २ नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आजींनी चर्चच्या वहीत बाबांचे नाव लिहिले. आपला पितृपक्ष नुकताच होऊन गेला होता. गेलेल्यांसाठी जिवंत माणसांना काही करता येते, हे त्यांना आणि आपल्याला सारखेच वाटते तर!

कृपेची गोष्ट मात्र मला उशिराच उमगली, आणि तीही पंडिता रमाबाईंमुळे. त्यांनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण खरे समाधान मिळायला आणखी आठ वर्षे लागली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. तारण कमवायचे नसते, नुसते स्वीकारायचे असते, हे समजले तेव्हा त्यांचा जीव शांत झाला. एवढी शास्त्रे जाणणारी बाई कमाईच्या हिशेबात अडकते, तिथे तुमची-आमची काय कथा! परदेशी राहणाऱ्या मुलांचा तर हा हिशेब कधी जुळतच नाही. पाठवलेले पैसे, केलेले फोन, हुकलेल्या दिवाळ्या, बेरीज-वजाबाकी चालूच.

असो. मी ख्रिस्ती झालो नाही, होण्याचा विचारही नाही. वरचा दरबार आहे की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण आपले हात जिथे पोचत नाहीत, तिथे आपल्या माणसासाठी कुणी शब्द टाकत असेल तर छातीवरचा भार हलका होतो, हे मी अनुभवले. हल्ली ओळखीत कुणाचे आई-वडील तिकडे आजारी असल्याचे कळले, की मीही आधी त्यांचे नाव विचारून घेतो.